वाटीभर शिंपले

रविवारची सकाळ, आणि ती कोपरापर्यंत भरड्यात बुडालेली.

समोर पत्र्याचं मोठं घमेलं. त्यात भरडलेला मका, गव्हाचा कोंडा, भाजून कुटलेलं सोयाबीन, सूर्यफुलाच्या बिया आणि सुक्या मासळीची पूड. त्या पुडीचा वास असा चिवट, की केस धुतले तरी दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर दुकानात जाऊन बसायचा. भोवती कोंबड्यांनी कोंडाळं केलेलं. सगळ्यांत पुढे ठिपक्याठिपक्यांची मास्तरीण, मान लांब करून घमेल्यात डोकावणारी, जणू हिने गणित कुठे चुकवलंय ते तिला एका नजरेत कळणार होतं.

मागच्या फाटकाची कडी वाजली.

बाहेर एक तरुण उभा होता. उंच, जरा पोक काढून उभा राहणारा. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवरही पांढरी धूळ. हातातलं छोटं पोतं त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"काका आहेत का?"

"आंघोळीला गेलेत. काय काम होतं?"

"शिंपले आणलेत. कोंबड्यांसाठी. काका परवा कारखान्यात येऊन सांगून गेले... बटणांच्या कारखान्यात."

"अच्छा. या ना आत."

तो हलला नाही.

"कडी वरून सरकवायची," ती म्हणाली.

"कडी कळली." त्याने घसा साफ केला. "त्या... अशा मोकळ्याच असतात का?"

"कोण?"

त्याने हनुवटीने खूण केली. मास्तरीण आता घमेलं सोडून फाटकाकडे निघाली होती. सावकाश, पाऊल मोजत.

"कोंबड्या आहेत त्या," ती म्हणाली.

"हो, दिसतायत."

"तुम्ही कोंबड्यांना घाबरता?"

"घाबरत नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, प्रामाणिकपणे, "ओळख नाही, एवढंच."

ती हसली. चांगली मोठ्याने हसली, आणि हसता हसता तोंडावर हात न्यायला गेली तर नाकाला, गालाला सगळा कोंडा फासला गेला. मग तोही हसला, फाटकाबाहेर राहूनच. पोतं त्याने वरूनच तिच्या हातात दिलं. देताना त्याची धूळ तिच्या मनगटावर उतरली आणि तिचा कोंडा त्याच्या बाहीवर गेला... दोघांचंही झटकायचं तेवढ्यापुरतं राहून गेलं.

आत बाबा आंघोळ आटोपून आरशासमोर केस विंचरत होते. खिडकी उघडी होती. ते काही बोलले नाहीत. त्या घरात तसंही वर्षभर बापलेकीत फारसं बोलणं नव्हतं.

*

कोंबड्या आईच्या. खाद्याचं मिश्रणही आईचंच. दुकानातलं तयार खाद्य तिने कधी घरात येऊ दिलं नाही. पण ताईला जुळी झाली आणि आई एक बॅग भरून ताईकडे गेली ती तिकडचीच झाली. कोंबड्या धाकटीच्या, म्हणजे हिच्या, गळ्यात पडल्या.

धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिच्या कामात सगळं मोजून मापून. भिंगाचा नंबर, नाकावरच्या दांडीची रुंदी, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. तिने आईला फोन करून विचारलं, "कोंडा किती घालायचा?"

"घमेलं हलकं वाटायला लागेल इतका."

"आई, हे माप नाही."

"मग हात घाल आत. हाताला कळतं." मागे दोन पोरं दोन सुरांत रडत होती. "आणि मासळी कमी घाल, नाहीतर अंड्यांना वास येतो. ठेवू? एकाने दुपटं ओलं केलंय."

तिने हात घातला. हाताला काही कळलं नाही. पहिले काही दिवस कोंबड्यांनी नाकं मुरडत मका तेवढा टिपला आणि बाकीचा भरडा पायांनी उडवून दिला. मग एका सकाळी खुराड्यात अंडं सापडलं, पण त्याला कवचच नव्हतं. नुसती पातळ पिशवी, ऊन ऊन, बोटांत धरली तर थरथरणारी. तिने पुन्हा फोन लावला.

"शिंपले घालत नाहीस वाटतं?" आई म्हणाली. "शेडमधल्या फळीवर डबा आहे. कुटून ठेव. आणि हे बघ, ते खाद्यात मिसळू नकोस. वेगळ्या वाटीत ठेव. जिला हवं ती खाईल, नको असेल ती नाही खाणार."

फळीवर डबा नव्हता. बाबांना विचारलं तर ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "संपले असतील. बघतो."

आणि त्यांनी बघितलं, म्हणून तो आला.

*

दुसऱ्या रविवारी तो फाटकाच्या आत एक पाऊल आला. तिसऱ्या रविवारी शेडपर्यंत.

"एकट्याने कुटता का हे सगळं?" त्याने विचारलं.

"कोण येणार मदतीला? मास्तरीण नुसतीच चुका काढते."

तो हसला आणि खलबत्त्यासमोर बसला. पाय मात्र त्याने असे आखडून घेतले की एकाही कोंबडीला त्यांचा मोह पडू नये. नाकावर रुमाल बांधून दोघं शिंपले कुटू लागली. तो घाव घालायचा, ती चाळायची. शिंपल्यांना गोल गोल भोकं पडलेली होती. जिथे भोक होतं, तिथून एक बटण निघून कुठल्यातरी शर्टावर जाऊन बसलं होतं.

तिने एक शिंपला डोळ्याला लावून त्याच्याकडे पाहिलं. भोकातून त्याचा एकच डोळा दिसला. लालसर, धुळीने चुरचुरणारा.

"डोळे चोळता का हो सारखे?"

"कामच तसं आहे. संध्याकाळपर्यंत बटणाची दोन भोकं चार दिसायला लागतात."

"चार भोकांची बटणं असतात की."

"हो, पण मी दोन पाडलेली असतात ना."

तिला पुन्हा हसू आलं. या माणसाबरोबर हे वरचेवर होत होतं, आणि आणखी एक गोष्ट होत होती. ती ध्यानात यायला तिला बरेच रविवार लागले... ती बोलत होती. दुकानात आलेल्या आजोबांबद्दल, जे दुसऱ्याच कुणाचा चष्मा घालून महिनाभर फिरले होते. ताईच्या जुळ्यांबद्दल. काहीही. मध्येच तिचा शब्द हरवला तर तो खलबत्ता थांबवून वाट बघायचा. शब्द सुचवायचा नाही, वाक्य पुरं करायचा नाही. नुसता वाट बघायचा, जणू त्याला कुठे जायचंच नाही.

मागच्या वर्षी तिचं एक लग्न ठरलं होतं. बाबांच्या जिवलग मित्राचा मुलगा. दिसायला छान, शिकलेला, पैशापाण्याने नीट. पण ती एक वाक्य बोलली की तो ते दुरुस्त करायचा. हसत हसत, चारचौघांत, अगदी प्रेमाने. "तिला असं म्हणायचंय," म्हणून सुरू करायचा. हळूहळू ती छोटी वाक्यं बोलू लागली, मग नुसती मान हलवू लागली. आणि लग्न महिन्यावर आलेलं असताना एका संध्याकाळी बाबांसमोर उभं राहून तिने सांगून टाकलं, "मला नाही करायचं."

बाबांनी तेव्हा हू की चू केलं नाही. मित्राकडे जाऊन आले, तेही तोंड पाडून. तेव्हापासून मित्राचं येणं बंद झालं आणि बाबांचं बोलणं. "जेवलीस?" "दिवा घालव." "छत्री ने." एवढ्यावर बापलेकीचा संसार चालला होता. आई होती तोवर तिच्या बडबडीत ते खपून जायचं. आता मात्र जेवताना भांड्यांचाच काय तो आवाज.

एकदा दोघं कुटत बसली असताना पाऊस आला. झरझर, उन्हातलाच, पत्र्यावर ताशा वाजवत. कोंबड्या धावत शेडमध्ये घुसल्या आणि जागा मिळेल तिथे बसल्या. मास्तरीण थेट त्याच्या बुटावर. तो पुतळ्यासारखा बसून राहिला.

"हाकलू का?" तिने हळूच विचारलं.

"नको," तोही कुजबुजला. "ओळख होतेय."

पाऊस थांबेपर्यंत कुणीच हललं नाही. शेडमध्ये ओल्या पिसांचा, भाजलेल्या सोयाबीनचा वास. तिचा खांदा त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. ती बसली होती ती जागा कोरडी होती, सरकायचं तसं काहीच कारण नव्हतं... तरी ती थोडी सरकली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पण त्याचे कान लाल झालेले तिला पांढऱ्या धुळीखालूनही दिसले.

"भरडा कालवायचा राहिला," ती म्हणाली.

"मला शिकवा."

"मलाच येत नाही अजून. आई म्हणते, हाताला कळतं."

त्याने बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात घमेल्यात घातले. तिनेही घातले. मक्याचे खडबडीत दाणे, कोंड्याची मऊ भुकटी, आणि त्यात कुठेतरी, खाली, एकमेकांची बोटं. दोघांनीही न टाळलेली.

"काय कळलं हाताला?" तिने विचारलं. आवाज सहज काढायचा तिचा बेत होता.

त्याने घमेल्यात आणखी एकदा हात फिरवला. "कोंडा थोडा जास्त झालाय," शेवटी तो म्हणाला.

कोंडा खरंच जास्त झाला होता.

*

मग तिने त्याला दुकानात बोलावलं. डोळे तपासायला.

तो आला तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. धूळ नव्हती तर तिने पहिल्यांदा त्याला ओळखलंच नाही. केस काळेभोर निघाले.

"बसा. हनुवटी इथे ठेवा. हलू नका."

"इथे कोंबड्या नाहीत ना?"

"हललात तर सोडीन."

तिने त्याच्या डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवली, भिंगं घातली, काढली. रोज पन्नास वेळा विचारते तसं विचारलं, "हे नीट दिसतं, की हे?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"हे... दुसरं."

"दोन्ही एकच होती. मी भिंग बदललंच नव्हतं."

"मला वाटलंच," तो म्हणाला. "पण तुम्ही दुसऱ्यांदा जास्त जवळ आलात."

तिच्या हातातलं भिंग खाली पडता पडता राहिलं. पलीकडे दुकानाचे मालक बिलं लिहीत होते. त्यांनी खाकरून पान उलटलं.

राहिलं होतं बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. त्यासाठी समोरासमोर बसावं लागतं, अगदी श्वास लागेल इतकं. तिने पट्टी त्याच्या नाकावर धरली. "माझ्या उजव्या डोळ्यात बघा." त्याने बघितलं. "आता डाव्या." त्याने बघितलं. हे माप तिने शेकडो लोकांचं घेतलं होतं, पण त्या दिवशी ते तिला तीनदा घ्यावं लागलं. तिन्ही वेळा वेगळंच आलं.

*

त्यानंतरच्या एका रविवारी घरी चाळणी फाटली. आईची जुनी चाळणी माळ्यावर असेल म्हणून ती आतल्या खोलीत गेली. अंगणात तो खलबत्त्याशी बसला होता, नवा चष्मा लावून. माळ्यावर चाळणी नव्हती. तिने कपाट उघडलं. बाबा बस चालवायचे तेव्हाचे त्यांचे गणवेशाचे कोट अजून तिथे टांगलेले होते. ते बाजूला सारले तर मागे डबा.

तिने झाकण काढलं. काठोकाठ शिंपले. गोल भोकांचे.

ती तिथेच उकिडवी बसली. आधी काहीच कळेना. मग एकेक गोष्ट जुळत गेली, आणि जुळली तशी कानशिलं तापत गेली. संपले असतील. बघतो. कारखान्यात येऊन सांगून गेले. म्हणजे हेही ठरवलेलंच. म्हणजे पुन्हा बाबांनी एक मुलगा शोधला, पुन्हा तिच्यासमोर आणून बसवला. आणि आपण मूर्खासारखे घमेल्यात हात घालून...

तिने डबा उचलून अंगणात नेला आणि त्याच्यासमोर आपटला. कोंबड्या फडफडत पांगल्या.

"हे काय आहे?"

"शिंपले," तो गोंधळून म्हणाला. "आमच्याकडचेच दिसतात."

"बाबांच्या कपाटात होते. कोटांमागे, लपवून. शिंपले कधी संपलेच नव्हते. तुम्हाला माहीत होतं."

"नाही."

"बाबा तुमच्याकडे येतात, तुम्ही दर रविवारी पोतं घेऊन हजर, आणि तुम्हाला काही माहीत नाही? मला कुणी विचारणार आहे की नाही? की मी नुसतं समोर ठेवलेलं..."

तिचा शब्द अडकला. आणि त्याने तेच केलं जे तो नेहमी करायचा. वाट बघितली. त्या क्षणी त्याचा तो चांगुलपणाही तिला सोसवेना.

"बोला ना काहीतरी."

"मला खरंच माहीत नव्हतं," तो उठत म्हणाला. चष्मा काढून त्याने शर्टाला पुसला, पुन्हा लावला. "पण माहीत असतं, तरी आलो असतो. ते खोटं नाही सांगणार तुम्हाला."

त्याने खलबत्ता जागेवर ठेवला, हात झटकले. "तुम्हाला नको असेल तर मी नाही येत. शिंपले कारखान्याच्या दारात ठेवत जाईन, काकांना न्यायला सांगा. यात कोंबड्यांचा काही दोष नाही."

जाताना त्याने फाटकाची कडी नीट लावली. तिला रडू आलं ते त्या कडीमुळे. रागावलेल्या माणसाने फाटक उघडं टाकावं की नाही?

*

संध्याकाळी बाबा पायरीवर बसून फाटकी चाळणी तारेने शिवत होते. डबा त्यांच्या बाजूला. तिने आणून ठेवलेला, न बोलता.

"का केलंत?" शेवटी तिनेच विचारलं.

"चुकलं माझं."

"ते नाही विचारलं. का केलंत?"

बाबांनी तार दाताने ओढली. "मी जन्मभर बस चालवली. आरशात मागचं सगळं दिसायची सवय आहे मला. तू माझ्या मित्राच्या मुलाबरोबर असलीस की गप्प होत जायचीस, ते मला दिसत होतं. आधी अर्धी, मग पूर्ण. दिसत असूनही मी गाडी थांबवली नाही. तू थांबवलीस."

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग रागावलात का एवढे?"

"रागावलो? मी?"

"वर्षभर बोलला नाहीत माझ्याशी."

"अगं, कुठल्या तोंडाने बोलणार होतो..." त्यांनी चाळणी उगाचच उजेडात धरून पाहिली. "निवडलेला मी. घरात आणलेला मी. आणि मोडायचं धैर्य मात्र तुला गोळा करावं लागलं."

ती त्यांच्याजवळ, पायरीवर बसली. इतक्या जवळ ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती. बाबांच्या अंगाला थोडा डिझेलचा वास येतो असं तिला लहानपणापासून वाटायचं. तो आजही आला.

"आणि हा?" तिने विचारलं.

"तुझी आई शिंपले आणायला जायची तेव्हा मी समोरच्या थांब्यावर उभा असायचो. तुला माहितीये तुझी आई कशी बोलते. मधेच विसरते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मीही कंटाळतो, खोटं कशाला बोलू. पण हा पोरगा हातातलं काम टाकून शेवटपर्यंत ऐकायचा. मला वाटलं... एवढंच. पुढचं मी काही ठरवलं नव्हतं. त्याच्याशीही नाही बोललो. नुसता डबा लपवला."

"आणि त्या मऊ अंड्याचं काय?"

"त्याचं मनापासून वाईट वाटलं," बाबा म्हणाले. "मास्तरणीची माफी मागितली मी. तिने पाठ फिरवली."

तिला हसू फुटलं, आणि ते हसू मधेच कुठेतरी रडण्यात मिसळलं. बाबांनी तारेचा तुकडा खिशात घातला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. अवघडलेला, सवय मोडलेला हात. बराच वेळ तो तिथेच राहिला.

*

पुढच्या रविवारी फाटक वाजलं नाही. तिने खाद्य कालवलं. हाताला आता कळत होतं, कोंडा बरोबर पडला होता. कोंबड्यांनी घमेलं चाटूनपुसून साफ केलं. ते ज्याला सांगायचं, तो मात्र आला नव्हता.

आणखी काही दिवस तिने मनाशी घासाघीस करण्यात घालवले. मग एका दुपारी ती दुकानाच्या मालकांना म्हणाली, "मी आज लवकर जाते." कुठे, ते सांगितलं नाही. आईला फोन केला नाही. बाबांनाही विचारलं नाही. बस पकडली आणि गेली.

बटणांचा कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. ओळीने यंत्रं, प्रत्येकावर पाण्याची बारीक धार, आणि हवेत दुधासारखी धूळ. खिडकीपाशी एक वयस्क मावशी टोपलीतली बटणं चमक पाहून निवडत होत्या. त्यांनी हिला आपादमस्तक न्याहाळलं.

"चष्म्याच्या दुकानातली का तू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याने चष्मा केला तेव्हापासून दिवसातून दहादा काढून पुसतो आणि उगाच हसतो. गेले दहा-बारा दिवस नुसताच पुसतो." मावशींनी बोटाने दाखवलं. "शेवटच्या यंत्रावर. जा."

त्याने तिला पाहिलं आणि यंत्र बंद केलं. पुन्हा धुळीने पांढराफटक झाला होता. भिंगांमागे तेवढे डोळे स्वच्छ.

"शिंपले दारात ठेवलेत," तो म्हणाला. "काकांनी नेले नाहीत अजून."

"मी शिंपल्यांसाठी आले नाही."

तो थांबला. तिला बोलायचं होतं ते बसमध्ये तीनदा घोकून झालं होतं, आणि आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

"मला राग आला होता," ती म्हणाली. "अजून थोडा आहे. तुमच्यावर नाही. म्हणजे... थोडा तुमच्यावरही. तुम्ही इतके शहाण्यासारखे निघून गेलात. भांडलात का नाही?"

"तुमचं बोलणं पुरं व्हायचं होतं."

"तेच ना..." तिने खाली पाहिलं. फरशीवर बटणं सांडली होती. "तुमच्यासमोर माझं बोलणं पुरं होतं. कुणी लावून दिलं, कुणी डबा लपवला, मला त्याचं आता काही नाही. आज मी इथे येतेय हे घरात कुणालाही माहीत नाही. माझी मी आलेय."

पलीकडे मावशींच्या टोपलीतली बटणांची खळखळ केव्हाच थांबली होती.

"मला वाटलं," तो हळूच म्हणाला, "आता फाटक बंदच."

"फाटकाला कडी आहे. वरून सरकवायची." आणि मग, त्याच दमात, धीर सुटायच्या आत ती म्हणाली, "रविवारी ये."

तो 'ये' दोघांच्या मध्ये पडला. इतके महिने दोघांनी 'या', 'बसा', 'तुम्ही' एवढं सांभाळून वापरलं होतं, की तो छोटासा शब्द यंत्रापेक्षाही मोठ्याने वाजला. तिने जीभ चावली, पण परत घेतला नाही.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं.

"ऐकलंस ते."

त्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. त्याचे कान लाल होत चालले होते, धुळीसकट.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "त्या दिवशी नाकाला कोंडा लावून हसलीस, तेव्हापासून. सांगायचं होतं, पण दर वेळी एखादी कोंबडी मधे यायची."

"कोंबड्यांना कशाला बोल लावतोस?"

"खरंय. त्यांचा काही दोष नाही."

दोघंही हसायला लागली, आणि हसू थांबल्यावरही तशीच उभी राहिली. त्याने हात पुढे केला. मग आपला हात किती माखलाय ते दिसून मागे घेऊ लागला. तिने तो मागे जाऊ दिला नाही. खरखरीत, पाण्याने गार पडलेला, सगळ्या बोटांना बारीक चिरा पडलेला हात.

"रविवार लांब आहे," तो म्हणाला. "आज संध्याकाळी कोंबड्यांना खायला कोण घालतं?"

"मीच."

"मग मी येऊ?"

"बाबा घरी असतील."

"असू देत. त्यांच्याशी तर माझी ओळख आहे."

मावशींनी न विचारताच सांगून टाकलं की शेवटचं यंत्र त्या बघतील, आणि पुन्हा टोपलीत हात घातला. बाहेर उन्हं उतरली होती. रस्त्याने सायकली घरी निघाल्या होत्या. दोघं थांब्याकडे चालू लागली, फारशी बोलत नव्हती, पण ही शांतता वेगळी होती. कामाचा एप्रन काढायचा तो साफ विसरला होता. लोक वळून वळून बघत होते. तिने बस येईपर्यंत त्याला ते सांगितलंच नाही.